सात नंबरचा थर्मामीटर

४ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, सगळे सुखरूप आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो तेवढाच. फोनवर तुम्ही नुसते "हं, हं" म्हणता आणि शेवटी "काय म्हणालीस?" विचारता, म्हणून लिहायला बसले.

काल आमच्या प्रयोगशाळेत चार खोकी आली. उघडली तर आत जाड पुठ्ठ्याच्या वह्या, आणि पहिल्याच पानावर तुमचं अक्षर! आमच्या घरी येणाऱ्या पत्रांवर असतं तेच, रेघेला धरून चालणारं. तुम्ही ज्या रुग्णवाहिका केंद्रात एसी सांभाळायचात, त्यांनीच त्या पाठवल्यात. अकरा वर्षं, रोज सकाळी दहा आणि दुपारी चार, सातही थर्मामीटरांच्या नोंदी. एकही रकाना रिकामा नाही. आमचे सर म्हणाले, "असा माणूस आता मिळत नाही." मी ताठ मानेनं सांगितलं, "माझे मामा आहेत."

माझं काम काय, असं तुम्ही नेहमी विचारता आणि मी नेहमी टाळते. आज सांगते. मी संगणकाच्या पोटात दुसऱ्या संगणकांचं सोंग उभं करते. खोटी यंत्रं, खोटी वीज, खोटा उन्हाळा. मग त्या सोंगाला वीस वर्षं पळवते, दोन तासांत. कुठलं यंत्र कधी दगावेल, किती वीज खाईल, कामाचा वेग कुठे मंदावेल ते कळतं. यात सगळं खोटं चालतं, मामा. फक्त सुरुवातीचे आकडे खरे लागतात.

तुमच्याकडे उन्हाळ्यात वीज कमी पडते, म्हणून केंद्राला यंत्रांच्या दालनातले चारपैकी दोन एसी बंद करायचेत. मग सगळं दालन एकोणतीस अंशांवर जाईल. यंत्रं ते सोसतील का, एवढं त्यांनी आम्हाला विचारलंय. उत्तर तुमच्याच वहीत सापडलं. मागच्या कोपऱ्यातला सात नंबर अकरा वर्षं एकोणतीसवर आहे, आणि तिथली यंत्रं जवळजवळ बिघडलीच नाहीत. म्हणजे सोसतील. पंधरा मार्चला दोन एसी बंद करणार आहेत.

मामींची धाप कशी आहे?

तुमची,
भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस मामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचलं. मामी म्हणाली, "एवढं काय लिहिलंय, लग्न ठरलं का तिचं?" मी म्हटलं, नाही, कामाचं आहे. "मग तुम्हाला कशाला?" म्हणाली.

तिची धाप तशीच. गेल्या वर्षी दोनदा गाडी बोलवावी लागली, हे तुला माहीत आहे. दोन्ही वेळा गाडी वेळेत आली. कुणी फोन केला की त्या दालनातली यंत्रंच सांगतात ना, जवळची गाडी कुठली आणि ती कुठे पाठवायची? मी तिथे अकरा वर्षं काढली तरी आत काय चालतं ते मला कधी कळलं नाही. मी सातवी नापास माणूस. मला फक्त गार किती, गरम किती, एवढंच काम.

तर मी म्हणतो, त्या वह्या जुन्या आहेत. थर्मामीटर काचेचे होते, भिंतीवर टांगलेले. उंदीरसुद्धा होते. अशा आकड्यांवर एवढं मोठं काम कशाला करायचं? आता नवीन उपकरणं निघाली आहेत म्हणे. त्यांचे आकडे घ्यावेत. आणि सरांना म्हणावं, माणूस काही विशेष नव्हता.

यंत्रं नाही सोसली तर काय होतं, ते लिही. एकदम बंद पडतात का? एक बंद पडलं तर दुसरं चालतं का? की सगळी एकदम जातात? ते लिही.

पंधरा मार्च म्हणजे नक्की पंधराच का, पुढे ढकलतात का, तेही लिही.

मामा


१६ फेब्रुवारी

मामा,

तुम्ही म्हणजे भित्यापाठी ब्रह्मराक्षस! मामींसाठी घाबरलात ना? मला वाटलंच. म्हणून सविस्तर लिहिते.

एक यंत्र गेलं तर शेजारचं त्याचं काम उचलतं. दोन गेली तरी चालतं, फक्त वेग मंदावतो. तिसरं गेलं की उरलेल्यांवर इतका भार पडतो की ती तापतात, तापली की आणखी जातात, आणि मग पत्त्यांच्या बंगल्यासारखं होतं. तेव्हा फोन लागतो, उचललाही जातो, पण गाडी कुठली पाठवायची ते कुणालाच कळत नाही. असं किती वेळा होईल, हेच तर मी सोंगात बघते. कालच एक हजार खोटे उन्हाळे पळवले. त्यातल्या फक्त तीन उन्हाळ्यांत बंगला कोसळला. हजारात तीन! मामींना सांगा, निर्धास्त राहा.

नवीन उपकरण म्हणाल तर तुम्ही निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच बसवलं, तेही दाराशी. मागच्या कोपऱ्यात आजही तुमचाच सात नंबर टांगलेला आहे, आणि त्याच्याकडे कुणी बघतही नाही. म्हणजे तुमच्या वह्या सोडल्या तर त्या कोपऱ्याचा साक्षीदार कुणी नाही. कळलं का तुमचं मोल?

सर अहवालात तुमचे आभार मानणार आहेत. तारीख पंधराच.

भिंगरी


२२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आभार मानू नयेत. हे आधी लिहितो, कारण नंतर विसरेन. विसरणार नाही खरं म्हणजे, पण लिहितो.

मामीला तुझं पत्र वाचून दाखवलं. तिनं तेवढं "हजारात तीन" ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे आमच्या नशिबाला तीनातलंच यायचं." ती हसत होती. मला हसू आलं नाही.

तुला एक जुनी गोष्ट सांगतो. मी लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी. त्या दालनात आगीचा भोंगा आहे. तो वाजला की तीस सेकंदांत दार आपोआप लागतं आणि गॅस सुटतो. आग विझते, पण आत माणूस असेल तर त्याला श्वास घ्यायला काही उरत नाही. पहिल्या दिवशीच मिस्त्रीनं सांगितलं होतं, "भोंगा वाजला की देवाचं नाव नंतर घ्यायचं, आधी पळायचं." एकदा मी अगदी मागे, सात नंबरपाशी होतो आणि भोंगा वाजला. मी पळालो. यंत्रांच्या रांगा सात. चौथ्या रांगेत खांदा आपटला, चष्मा पडला. दारापाशी पोचलो तेव्हा ते अर्धं लागलं होतं. मी आडवा होऊन बाहेर पडलो.

गॅस सुटलाच नाही. भोंगा चुकून वाजला होता. बाहेर सगळे हसत होते. मिस्त्री म्हणाला, "आभाळ पडलं का रे सशा?" तेव्हापासून मला सगळे ससाच म्हणायचे, निवृत्त झालो त्या दिवसापर्यंत.

हे सांगायचं कारण काही नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

एक विनंती आहे. तुझं ते सोंग सात नंबर काढून एकदा पळवून बघ. बाकीचे सहा ठेव. काय येतं ते कळव. म्हाताऱ्याचा हट्ट समज.

मामा


१ मार्च

मामा,

तुमचा हट्ट पुरवला. सात नंबर काढला तर सोंग आंधळं होतं. बाकीचे सहाही थर्मामीटर वीस ते चोवीसमध्ये आहेत, म्हणजे एकोणतीस अंशांत यंत्रं कशी वागतात हे दाखवणारं काहीच उरत नाही. इतर ठिकाणचे ढोबळ ठोकताळे घालून पाहिलं, तर बंगला कधी हजारात पन्नास वेळा कोसळतो, कधी दोनशे वेळा. नक्की काहीच सांगता येत नाही.

पण मी त्यासाठी लिहीत नाहीये. तुमचं पत्र आल्यापासून मला चैन नव्हतं, म्हणून वह्या पुन्हा काढल्या. सात नंबर नेहमी दाराशी असलेल्या एक नंबरपेक्षा बरोबर नऊनं जास्त आहे. वीस तर एकोणतीस, एकवीस तर तीस. उन्हाळा असो की हिवाळा, नऊच. आधी मला ती त्या खोलीची शिस्त वाटली होती. सरांनाही मी कौतुकानं दाखवली होती.

मग केंद्राकडून भांडाराची वही मागवली. त्यात लिहिलंय की तुमच्या सहाव्या वर्षी सात नंबरचा थर्मामीटर फुटला आणि नवीन अकरा दिवसांनी बसवला. त्या अकरा दिवसांतही तुमच्या वहीत सात नंबरच्या बावीस नोंदी आहेत. सगळ्या नऊनं जास्त.

परवा तुम्ही फोन केलात. मी विचारलं, "मामा, काही सांगायचंय का?" तुम्ही म्हणालात, "नाही, सगळं ठीक." आणि फोन ठेवलात. फोन तुम्ही कधीच आपणहून करत नाही.

सरळ विचारते. तुम्ही मागे जात होतात का?

भिंगरी


६ मार्च

भिंगरी,

नव्हतो.

फोन मामीच्या उशाशी असतो. ती ऐकत होती, म्हणून बोललो नाही. हेही पुरतं खरं नाही. ती झोपली असती तरी माझ्यानं बोलवलं नसतं.

भोंग्याच्या त्या दिवसानंतर मी तिसऱ्या रांगेच्या पुढे गेलो नाही. दहा वर्षांच्या आसपास. एक ते पाच नंबर वाटेवर होते, ते बघायचो. सहा नंबर तिसऱ्या रांगेतून मान लांब केली की दिसायचा. सात दिसत नव्हता.

मी हवेतला आकडा घातला नाही, एवढं ऐक. पहिलं दीड वर्ष मी रोज मागे जाऊन बघितलं होतं. तेव्हा दारापेक्षा मागे नऊच जास्त असायचे. कधी आठ, कधी दहा, पण बहुतेक नऊ. म्हणून मी म्हटलं, नऊ. दाराशी बघायचं, नऊ मिळवायचे, लिहायचं. थर्मामीटर फुटला ते मला कळलंच नाही. कसं कळणार?

पण खरी गोष्ट पुढे आहे. तिसऱ्या वर्षी दालनात चौथा एसी बसवला. मी दारात उभा होतो. माणसं नळ आणि पत्रे घेऊन आत गेली, अगदी मागे गेली. मी बघितलं. मागे गार झालं असणार, हे कळायला सातवी पास व्हावं लागत नाही. पण एकोणतीस लिहीत होतो, ते एकदम पंचवीस कसं लिहायचं? साहेबांनी विचारलं असतं, "कालपर्यंत बरोबर होतं, आज काय झालं?" आणि पंचवीस की चोवीस की सव्वीस, तेही माहीत नव्हतं. बघायला जावं लागलं असतं. मी नऊच मिळवत राहिलो. आठ वर्षं.

कुणी त्या वह्या कधी वाचेल असं वाटलंच नव्हतं. साहेब न बघता सही करायचे. मला वाटायचं, हा रकाना भरण्यासाठी आहे, भरला की झालं.

म्हणजे ती आठ वर्षं यंत्रं एकोणतीसमध्ये राहिलीच नाहीत. गारव्यात होती, म्हणून टिकली. आणि आता माझ्या आकड्यावर एसी बंद होणार. या शहरात ज्याला ज्याला गाडी लागेल, त्याच्या आड माझा नऊ येणार. मामीच्याही.

चार दिवस जेवण जात नाही. दुपारी तिची धाप वाढली की मला आधी पंधरा तारीख आठवते, मग औषध. तू हे सरांना सांग. माझं काय व्हायचं ते होवो. मी सांगायला गेलो असतो, पण केंद्राच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. दोनदा.

मामा


१० मार्च

मामा,

पत्र वाचून मी रागावले. अजून रागातच आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. हे पत्र खास माणसाहाती पाठवतेय.

सरांना सांगितलं. त्यांनी तुमची वही पुन्हा उघडली. मग म्हणाले, "तुझ्या मामांनी मोजलं नाही, अंदाज बांधला. आपणही तेच करतो. फरक एवढाच की आपण खाली लिहितो, हा अंदाज आहे." तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. मला हे ऐकून जास्तच लागलं.

केंद्राच्या प्रमुखांना कळवलं. ते म्हणतात, एका म्हाताऱ्याच्या आठवणीवर योजना थांबवता येणार नाही, आकडे आणा. महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. तोवर चारही एसी चालू राहतील. चौदा दिवस, सकाळी दहा आणि दुपारी चार, एक नंबर आणि सात नंबर. सात नंबर आज नऊऐवजी तीन-चारच अंश जास्त दाखवत असेल, तर आठ वर्षं तेवढंच होतं असं मानता येईल. दालन तेच आहे, एसी तेच आहेत.

तिथल्या ऑपरेटर बाईंना सांगितलं तर त्या करतील. त्यांचं काम आहे ते. पण मी प्रमुखांना म्हटलं, आधी माझ्या मामांना विचारते. का म्हटलं ते माझं मलाही कळलेलं नाही. परवानगीची चिठ्ठी सोबत आहे. जाणार नसाल तर कळवा, मी काही म्हणणार नाही. जाणार असाल तर बघूनच लिहा.

भिंगरी


२७ मार्च

चि. भिंगरीस मामाचे आशीर्वाद.

तक्ता सोबत आहे. तेरा तारखेला सुरू केलं, काल संपलं.

पहिल्या दिवशी ऑपरेटर बाईंनी चिठ्ठी वाचली आणि मला खालपासून वरपर्यंत बघितलं. म्हणाल्या, "आजोबा, जा आत, पण पडलात तर मला उचलता यायचं नाही हं, माझी कंबर गेलीय." मी म्हटलं, बाई, दार उघडं ठेवाल का? त्या म्हणाल्या, "गार हवा जाते सगळी. भोंगा वाजला तर मी आहे ना इथे." मी विचारलं, तुम्ही काय करणार? "काय करणार, ओरडेन," म्हणाल्या.

तिसऱ्या रांगेपर्यंत गेलो आणि परत आलो. बाईंनी पाणी दिलं. पुन्हा गेलो. पुन्हा परत आलो. तिसऱ्या वेळी दोन्ही हात यंत्रांच्या कपाटांवर ठेवून गेलो, बोटीतून उतरणारा माणूस धरून चालतो तसा. पाचव्या रांगेत कपाटांचा आवाज इतका होतो की भोंगा वाजला तरी ऐकू येईल की नाही, असं वाटलं. माझे कान तसेही गेलेले. मग बाईंना ओरडून विचारलं, "वाजला का हो?" त्या ओरडल्या, "नाही वाजला, चला पुढे!"

सात नंबर आहे तिथेच आहे. त्याच्या बरोबर वर चौथ्या एसीचं तोंड आहे. माझ्या टकलावर गार वारा येत होता. तिथे आठ वर्षं असाच वारा येत असणार आणि मी रोज दाराशी बसून एकोणतीस लिहीत होतो. वाकून बघितलं. तेवीस. चष्मा काढून बघितलं, पुसून बघितलं. तेवीसच. मी तिथे कपाटाला टेकून थोडा वेळ उभा राहिलो. बाईंनी हाक मारली तेव्हा बाहेर आलो.

मग रोज गेलो. सवय होईल असं वाटलं होतं, झाली नाही. शेवटच्या दिवशीही अक्षर रेघ सोडून गेलंय, दिसेल तुला. आकडे मात्र वाचता येतात, बाईंकडून तपासून घेतले. फरक कधी तीन, कधी चार, दोनदा दोन, एकदा पाच. नऊ एकदाही नाही. पाच आला त्या दिवशी बाहेर फार ऊन होतं.

मिस्त्री बाजारात भेटला. आता त्याला दिसत नाही नीट. कुणीतरी त्याला सांगितलं होतं. म्हणाला, "सशा, ऐकतो ते खरं का? मागे जातोस म्हणे?" मी हो म्हटलं. म्हणाला, "मीसुद्धा त्या कोपऱ्यात कधी थांबत नव्हतो रे. बोललो नाही, एवढंच." मला राग यायला हवा होता. आला नाही.

आता तक्त्यातल्या एका रकान्याबद्दल. एकवीस तारीख, दुपारचे चार.

त्या दिवशी सव्वातीनला मी निघायला चपला घातल्या आणि मामीला धाप लागली. औषधानं थांबेना. ओठ निळे व्हायला लागले. मी फोन फिरवला. पहिल्याच घंटीला एका मुलीनं उचलला. पत्ता सांगितला आणि मग तो गप्प झालेला वेळ, तुला सांगतो, त्या तेवढ्या वेळात तुझी सगळी यंत्रं माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. कुठलं तापलंय, कुठलं दुसऱ्याचं काम उचलतंय. मी नुसता फोन कानाला लावून "हं, हं" करत होतो. मग ती मुलगी म्हणाली, "गाडी निघाली, आजोबा." अकरा मिनिटांत आली. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. आता घरी आहे. भाजीत मीठ कमी आहे म्हणून मला बोलते, म्हणजे बरी आहे.

बावीस आणि तेवीस तारखेला तिच्याजवळ शेजारीण बसली होती, म्हणून मी जाऊन आलो. पण एकवीसचे चार राहिले ते राहिले.

काल संध्याकाळी तक्ता घेऊन बसलो. एकवीसला सकाळी दहाला दाराशी वीस आणि मागे तेवीस होतं, दुसऱ्या दिवशी दहालाही वीस आणि तेवीस. मधल्या चारला दुसरं काय असणार? डोळे मिटून सांगेन. सत्तावीस रकाने भरलेले आणि एक मोकळा, दात पडल्यासारखा दिसतो. तुझे ते प्रमुख विचारतील, म्हातारा इथे कुठे गेला होता? मी पेन टेकवलं सुद्धा. त्या रकान्यात एक निळा ठिपका आहे बघ.

तो आकडा नाही. तो आकडा धरू नकोस.

मामा